उपग्रहांच्या अंगावर साचणारी वीज
अवकाशातील आयनद्रायूचे प्रतिमान आणि त्याचा उपयोग

चक्रीवादळाची पूर्वसूचना, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम, दुर्गम खेड्यातील बँकेच्या शाखेचा मुख्यालयाशी असणारा संपर्क, खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमाराला मिळणारा धोक्याचा इशारा, या सर्व सोयी आज कमीअधिक प्रमाणात कृत्रिम उपग्रहांवर अवलंबून आहेत. यांपैकी बरेच उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेत असतात. तेथे त्यांची प्रदक्षिणा पृथ्वीच्या परिवलनाच्या काळातच पूर्ण होते आणि त्यामुळे ते आकाशात एका जागी स्थिर असल्यासारखे दिसतात. या उंचीवर जाऊन बिघाड दुरुस्त करील असा माणूस आजवर पाठविता आलेला नाही. म्हणून पुढील सुमारे पंधरा वर्षांत जे जे संकट येऊ शकेल त्याचा विचार उपग्रह जमिनीवर असतानाच करावा लागतो.

अशा संकटांपैकी एक म्हणजे उपग्रहाच्या पृष्ठभागावर साचणारा विद्युत् भार होय. अवकाश रिकामे आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खरी असती, तर हे संकट उद्भवलेच नसते. प्रत्यक्षात उपग्रह एका अत्यंत विरळ परंतु विद्युत्‌भारित वायूतून प्रवास करीत असतो. हा वायू कसा आहे, तो केव्हा व किती खवळतो आणि त्याचे गणिती चित्र शास्त्रज्ञ कसे उभे करतात, याची ओळख या लेखात करून देण्याचा प्रयत्न आहे.

आयनद्रायू म्हणजे काय?

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था शाळेत शिकविल्या जातात. वायूला पुरेशी ऊर्जा मिळाली की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. मागे राहिलेल्या धनभारित कणांना आयन म्हणतात. ऋणभारित इलेक्ट्रॉन व धनभारित आयन यांच्या या मिश्रणास आयनद्रायू अथवा प्लाझ्मा असे नाव आहे. प्लाझ्मा हा शब्द या अर्थाने अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली रूढ केला. ही पदार्थाची चौथी अवस्था होय.

सूर्यापासून आयनद्रायूचा एक प्रवाह सतत बाहेर पडत असतो. त्यास सौरवात म्हणतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या प्रवाहाला अडविते व आपल्याभोवती एक पोकळी राखते. सूर्याकडील बाजूस ही पोकळी दबलेली असते, तर रात्रीच्या बाजूस ती लांब शेपटासारखी पसरलेली असते. या शेपटात साठलेली ऊर्जा अधूनमधून एकाएकी मुक्त होते आणि तेथील तप्त आयनद्रायू पृथ्वीच्या दिशेने आत फेकला जातो. या घटनेला भूचुंबकीय उपवादळ असे म्हणतात. उत्तर व दक्षिण ध्रुवांजवळ दिसणारा ध्रुवीय प्रकाश हे त्याचेच दृश्य रूप आहे.

उपवादळाच्या वेळी भूस्थिर कक्षेत एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे एकच इलेक्ट्रॉन असतो. तुलना करावयाची तर आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या तेवढ्याच जागेत २७ या आकड्यावर १८ शून्ये लिहिल्यावर येणाऱ्या संख्येइतके रेणू असतात. मात्र त्या एकेका इलेक्ट्रॉनची ऊर्जा प्रचंड असते. एका व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या ऊर्जेस एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणतात. उपवादळातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते. तापमानाच्या भाषेत हे दहा कोटी अंशांहून अधिक होते. कण अतिशय विरळ असल्यामुळे उपग्रह तापत नाही. परंतु त्यावर भार साचतो.

विद्युत्‌प्रवाहांचा जमाखर्च

हिवाळ्यातील कोरड्या दिवशी लोकरीचा स्वेटर काढताना तडतड आवाज येतो व अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात, हा अनुभव अनेकांना असेल. पावसाळ्यात असे घडत नाही, कारण दमट हवेत साचलेला भार हळूहळू निघून जातो. उपग्रहाला दमट हवाही नाही आणि भार वाहून नेणारी जमीनही नाही. त्याच्याकडे आलेला भार निघून जाण्याचे मार्ग वेगळे आहेत. ते समजून घेण्यासाठी ग्रामपंचायतीच्या ताळेबंदाप्रमाणे एक जमाखर्च मांडणे सोयीचे होईल.

पहिली बाब इलेक्ट्रॉनांची. प्रोटॉन हा इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड असतो. त्यामुळे दोहोंचे तापमान सारखे असेल तर इलेक्ट्रॉनचा वेग प्रोटॉनच्या सुमारे ४३ पट भरतो. अर्थात् कोणत्याही वस्तूवर एका सेकंदात जितके आयन आदळतात त्यापेक्षा कितीतरी अधिक इलेक्ट्रॉन आदळतात व ती वस्तू ऋणभारित होऊ लागते. दुसरी बाब आयनांची. ती इलेक्ट्रॉनांचा परिणाम कमी करते, पण तिचे प्रमाण अल्प असते.

तिसरी बाब सूर्यप्रकाशाची. सूर्याचे जंबुपार किरण पृष्ठभागावर पडले की तेथून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. या प्रकाशविद्युत् परिणामामुळे निघणारा प्रवाह उपवादळातील इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाच्या कित्येक पट असू शकतो. म्हणून उन्हात असलेला पृष्ठभाग बहुधा सुरक्षित राहतो. सावलीतील पृष्ठभागाला हा आधार नसतो.

चौथी बाब अधिक सूक्ष्म आहे. पृष्ठभागावर आदळणारा इलेक्ट्रॉन तेथील काही इलेक्ट्रॉनांना धक्का देऊन बाहेर काढतो. यांना दुय्यम इलेक्ट्रॉन म्हणतात. आदळणाऱ्याची ऊर्जा काही शे इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल, तर अनेक पदार्थांतून एकाच्या बदल्यात एकाहून अधिक इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. म्हणजे येणाऱ्यापेक्षा जाणाराच भार जास्त होतो. ऊर्जा काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे गेली की आघात करणारा कण पदार्थात खोल शिरतो व दुय्यम इलेक्ट्रॉनांना बाहेर पडणे कठीण होते. म्हणूनच आयनद्रायूचे तापमान एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय मोठा भार साचत नाही. ही मर्यादा पदार्थानुसार बदलते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भार साचण्यास सुरुवात होईल की नाही, हे मुख्यतः कणांच्या ऊर्जेवर ठरते. त्यांच्या संख्येला तेथे दुय्यम महत्त्व असते.

या सर्व बाबींची बेरीज शून्य होईपर्यंत उपग्रहाचे विद्युत् वर्चस् बदलत राहते. उपग्रह पुरेसा ऋणभारित झाला की तो येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटू लागतो, आयनांना ओढून घेतो आणि जमाखर्च जुळतो. परंतु इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल, तर त्यांना रोखण्यासाठी लागणारे वर्चस्‌ही हजारो व्होल्ट असावे लागते.

एटीएस-५ आणि एटीएस-६ यांचा पुरावा

हे केवळ तर्क नव्हते, हे अमेरिकेच्या एटीएस मालिकेतील उपग्रहांनी दाखवून दिले. ऑगस्ट १९६९ मध्ये सोडलेल्या एटीएस-५ या उपग्रहावर कणांची ऊर्जा मोजणारे उपकरण होते. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शास्त्रज्ञांनी तयार केले होते. उपग्रह पृथ्वीच्या छायेत शिरला की एक विचित्र गोष्ट आढळे. ठरावीक ऊर्जेपेक्षा कमी ऊर्जेचे आयन मुळीच येईनासे होत आणि त्या ऊर्जेपाशी आयनांची एकदम गर्दी दिसे. शर्मन डीफॉरेस्ट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचा उलगडा केला. उपग्रहच ऋणभारित झाल्यामुळे प्रत्येक आयन त्याच्याकडे ओढला जाताना तेवढी ऊर्जा मिळवून येत होता. म्हणजे ज्या ऊर्जेपाशी गर्दी दिसे, ती ऊर्जा हेच उपग्रहाच्या वर्चसाचे माप होते. हे माप उणे १०,००० व्होल्टपर्यंत गेलेले आढळले.

यानंतरचा एटीएस-६ हा उपग्रह ३० मे १९७४ रोजी सोडण्यात आला. भारतीय वाचकांना या उपग्रहाचे नाव अपरिचित नसावे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात हाच उपग्रह आफ्रिकेच्या पूर्व भागावर आणून ठेवण्यात आला होता. त्याच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन व शालेय शिक्षण यांविषयीचे कार्यक्रम थेट दाखविले गेले. ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग ग्रामीण भारताच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा ठरला. त्या प्रयोगाची कहाणी अनेकवार सांगितली गेली आहे. मात्र ज्या उपग्रहाने खेड्यातील मुलांसाठी वर्ग भरविले, त्याच उपग्रहावर अवकाशातील कण मोजणारी उपकरणेही होती, याची फारशी नोंद आपल्याकडे घेतली गेली नाही. त्याच्या मोजमापांत पृथ्वीच्या छायेत असताना उणे १९,००० व्होल्ट इतके वर्चस् आढळून आले. भर उन्हातही ते काही वेळा उणे २,००० व्होल्टपर्यंत पोहोचले होते.

धोका कोठे असतो?

संपूर्ण उपग्रह एकाच वर्चसाला पोहोचला, तर फारसे बिघडत नाही. विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला जसा धक्का बसत नाही, तसेच हे आहे. धोका निर्माण होतो तो उपग्रहाच्या दोन भागांतील फरकामुळे. उपग्रहाचा सांगाडा धातूचा असतो, तर उष्णतेपासून संरक्षण देणारी आवरणे व सौर घटांवरील काचा निरोधक असतात. एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला सावली, कोठे धातू, कोठे काच, अशा स्थितीत प्रत्येक भागाचा जमाखर्च वेगळा होतो. या असमान भाराचे वर्चस् एका मर्यादेपलीकडे गेले की ठिणगी उडते. तिच्यामुळे आवरण जळते, सौर घटांची हानी होते आणि सर्वांत वाईट म्हणजे तिचा विद्युत् स्पंद आतील तारांत शिरून खोटी आज्ञा ठरतो. कोणी बटण दाबलेले नसताना एखादे उपकरण सुरू होते किंवा बंद पडते.

काळाचा हिशेब केला तर हा धोका अधिक स्पष्ट होतो. तीव्र उपवादळात एक मीटर त्रिज्येच्या धातूच्या गोळ्याचे वर्चस् सेकंदाच्या अल्पांशात हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकते. याउलट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतक्या जाडीच्या प्लॅस्टिकच्या आवरणात आतबाहेर एक हजार व्होल्टचा फरक पडण्यास दीड मिनिट किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. भूस्थिर उपग्रह दरवर्षी विषुवदिनांच्या आसपास दोन वेळा, प्रत्येकी सुमारे ४५ दिवसांच्या काळात, मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या छायेतून जातो. हा छायाकाळ जास्तीत जास्त ७२ मिनिटांचा असतो. अर्थात् भार साचण्यास वेळ भरपूर मिळतो.

जून १९७३ मध्ये अमेरिकी हवाई दलाचा एक दळणवळण उपग्रह निकामी झाला. त्याच्या संदेशयंत्रणेचा वीजपुरवठा खंडित झाला होता. चौकशीत साचलेल्या भाराच्या विसर्जनाकडे बोट दाखविण्यात आले. त्या काळातील इतर उपग्रहांवरील गूढ बिघाडांच्या वेळा एकत्र मांडल्या असता, त्यांपैकी बरेच बिघाड उपग्रहाच्या स्थानिक वेळेनुसार मध्यरात्र ते पहाट या दरम्यान झाल्याचे दिसले. याचे कारण चुंबकीय क्षेत्रात दडले होते. शेपटाकडून आत फेकलेले इलेक्ट्रॉन मध्यरात्रीच्या बाजूने शिरतात व पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्या दिशेने सरकत जातात. बिघाडांचे वेळापत्रक आणि इलेक्ट्रॉनांचे वेळापत्रक अशा रीतीने जुळले.

स्कॅथा मोहीम

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करण्यासाठी अमेरिकी हवाई दल व नासा यांनी ३० जानेवारी १९७९ रोजी स्कॅथा हा खास उपग्रह सोडला. भूस्थिर कक्षेच्या आसपास फिरणाऱ्या या उपग्रहावर निरनिराळ्या पदार्थांचे नमुने, वर्चस् मोजणारी उपकरणे आणि इलेक्ट्रॉन व आयन मुद्दाम बाहेर फेकणारी साधने बसविली होती. २४ एप्रिल १९७९ रोजी त्याने नोंदविलेली परिस्थिती इतकी तीव्र होती की, पुढे अभियंत्यांनी ती ‘सर्वांत वाईट दिवसा’चा एक नमुना म्हणून स्वीकारली.

प्रतिमान कसे तयार होते?

धरण बांधताना सांडवा किती रुंद ठेवावा, हा प्रश्न जलसिंचन खात्याच्या अभियंत्यापुढे असतो. तो सरासरी पावसावर विसंबत नाही. नदीला येऊ शकेल अशा सर्वांत मोठ्या पुराचा अंदाज तो बांधतो. अंदाज कमी पडला तर धरण धोक्यात येते. वाजवीपेक्षा जास्त केला तर खर्च व्यर्थ वाढतो. उपग्रहाच्या रचनाकारापुढे नेमका हाच प्रश्न असतो. अवकाशातील ‘पूर’ किती मोठा धरावा, याचे उत्तर आयनद्रायूच्या प्रतिमानाने द्यावयाचे असते.

प्रतिमान म्हणजे प्रत्यक्ष परिस्थितीचे गणिती चित्र होय. येथे दोन स्वतंत्र प्रतिमाने लागतात. पहिले परिसराचे : कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी, कोणत्या ऊर्जेचे किती कण असतात, हे ते सांगते. दुसरे उपग्रहाचे : अशा कणांच्या वर्षावात एका विशिष्ट आकाराच्या व विशिष्ट पदार्थांनी बनलेल्या उपग्रहाच्या प्रत्येक भागाचे वर्चस् किती होईल, हे त्यावरून कळते.

परिसराच्या प्रतिमानातील पहिली अडचण अशी की, निरनिराळ्या ऊर्जेच्या कणांची संख्या शेकडो आकड्यांनी व्यक्त होते. हे आकडे सुटसुटीत करण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी वायूंच्या रेणूंसाठी दिलेले वितरणसूत्र वापरतात. त्यात घनता व तापमान या दोनच संख्या सांगितल्या की काम भागते. परंतु भूस्थिर कक्षेतील आयनद्रायू बहुधा एकजिनसी नसतो. त्यात एक थंड व एक तप्त असे दोन गट मिसळलेले आढळतात. म्हणून दोन मॅक्सवेल वितरणांची बेरीज करण्याची पद्धत रूढ झाली. एच. बी. गॅरेट व डीफॉरेस्ट यांनी १९७९ साली एटीएस-५ च्या निवडक दिवसांच्या मोजमापांवरून असे प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यात स्थानिक वेळ व भूचुंबकीय क्षोभाचा निर्देशांक हे दोन आकडे दिले की कणांची अपेक्षित स्थिती मिळते.

नासाने १९८४ मध्ये रचनाकारांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सर्वांत वाईट परिस्थितीचे आकडे असे दिले आहेत : इलेक्ट्रॉनांची घनता दर घन सेंटिमीटरला १·१२ व तापमान १२,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आयनांची घनता ०·२३६ व तापमान २९,५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या आकड्यांवरून हिशेब केला, तर दर चौरस मीटरवर इलेक्ट्रॉनांचा सुमारे ३·३ मायक्रोअँपिअर इतका प्रवाह येतो. आयनांचा प्रवाह त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. घरातील दिव्याच्या मानाने हा प्रवाह नगण्य आहे. परंतु बाहेर जाण्याची वाट बंद असेल, तर थेंबाथेंबाने तळे साचते.

दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमानासाठी संगणकाची मदत अपरिहार्य ठरते. नासासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅसकॅप ही संगणकीय आज्ञावली विकसित करण्यात आली. तिच्यात उपग्रहाचा पृष्ठभाग लहान लहान तुकड्यांत विभागतात. प्रत्येक तुकड्याचा पदार्थ, जाडी व उन्हातील स्थिती नोंदवितात. नंतर क्षणाक्षणाला प्रत्येक तुकड्याचा जमाखर्च मांडून त्याचे वर्चस् काढतात. एका तुकड्याच्या वर्चसाचा परिणाम शेजारच्या तुकड्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर होतो, म्हणून हा हिशेब पुन्हापुन्हा करावा लागतो. स्कॅथाच्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून या आज्ञावलीची परीक्षा घेण्यात आली. पुढे तिची सुधारित आवृत्ती निघाली. युरोपात स्पिस व जपानमध्ये मस्कॅट अशी साधनेही तयार झाली.

कक्षा बदलली की प्रश्न बदलतो

भूस्थिर कक्षेतील प्रतिमान सर्वत्र लागू पडत नाही. भारित वस्तूचा प्रभाव आयनद्रायूत किती अंतरापर्यंत जाणवतो, याचे एक माप आहे. त्यास डेबाय अंतर म्हणतात. तीव्र उपवादळात भूस्थिर कक्षेत हे अंतर शेकडो मीटर असते. याउलट पृथ्वीपासून काही शे किलोमीटर उंचीवरील आयनांबरात ते एका सेंटिमीटरच्या आसपास असते. तेथील आयनद्रायू लक्षावधी पट दाट, परंतु थंड असतो. त्यामुळे तेथे उपग्रहाचे वर्चस् सहसा काही व्होल्टांपलीकडे जात नाही. या भागासाठी आंतरराष्ट्रीय संदर्भ आयनांबर हे प्रतिमान जगभर वापरतात. भारतातही २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिले अग्निबाण सोडल्यापासून आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची घनता अग्निबाणांतील उपकरणांनी मोजण्याचे काम होत आले आहे. थुंबा हे चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे त्या मोजमापांना विशेष मोल आहे.

ध्रुवांवरून जाणाऱ्या उपग्रहांची स्थिती आणखी वेगळी असते. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातून जाताना त्यांच्यावर काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. भोवतालचा थंड आयनद्रायू पुरेसा असेल तर तो या भाराची भरपाई करतो. मात्र तो विरळ असेल तर भरपाई होत नाही. ५ मे १९९५ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका हवामान उपग्रहाचे वर्चस् अशा पट्ट्यात उणे ४६० व्होल्टपर्यंत गेले व त्याच वेळी त्यावरील एका सूक्ष्मप्रक्रियकाचे काम अडले. जपानचा मिदोरी-२ हा पृथ्वीनिरीक्षक उपग्रह ऑक्टोबर २००३ मध्ये काही मिनिटांत आपली बहुतांश वीज गमावून बसला. सौर फलकाकडून येणाऱ्या तारांच्या जुडग्यावर साचलेला भार हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

येथे एक भेदही स्पष्ट केला पाहिजे. काही लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर थांबत नाहीत. ते आत शिरून तारांच्या आवरणांत व मंडलांत साचतात. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे अनिक मालिकेतील दोन उपग्रह पाठोपाठ दिशाहीन झाले, ते या अंतर्गत भारामुळे असे मानले जाते. त्यांपैकी एक पूर्ववत होण्यास काही महिने लागले. पृष्ठभागावरील व अंतर्गत भार यांची प्रतिमाने निरनिराळी असतात.

प्रतिमानाच्या मर्यादा

५ एप्रिल २०१० रोजी भूचुंबकीय क्षोभाच्या काळात गॅलॅक्सी-१५ हा दळणवळण उपग्रह जमिनीवरून दिलेल्या आज्ञा मानेनासा झाला. त्याचे प्रक्षेपण मात्र सुरूच होते. अशा स्थितीत तो इतर उपग्रहांच्या शेजारून सरकत राहिला व त्यांच्या चालकांना बरीच खबरदारी घ्यावी लागली. डिसेंबर २०१० मध्ये तो पुन्हा ताब्यात आला. हा उपग्रह नुकताच पृथ्वीच्या छायेतून बाहेर पडला होता आणि त्याच सुमारास एक तीव्र उपवादळ झाले होते, ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून सुटली नाही. प्रतिमाने उपलब्ध झाल्यानंतर तीस वर्षांनीही असे प्रसंग घडतात, याचा अर्थ काय?

पहिला अर्थ असा की, प्रतिमान हे भूतकाळातील मोजमापांचे सार असते. मोजमापे ज्या वर्षांतली, त्या वर्षांत न आलेले वादळ त्यात दिसत नाही. दुसरे असे की, उपवादळ काही मिनिटांत येते, तर भूचुंबकीय निर्देशांक तीन तासांची गोळाबेरीज सांगतो. तिसरे कारण पदार्थांचे. उन्हाने व कणांच्या माऱ्याने आवरणांचे गुणधर्म वर्षानुवर्षे बदलत जातात. नव्या आवरणाचा जमाखर्च जुन्याला लागू पडत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या लॉस अॅलॅमॉस प्रयोगशाळेने भूस्थिर कक्षेतील उपग्रहांवरून १९८९ पासून घेतलेल्या दीर्घकालीन मोजमापांसारख्या नोंदींना फार महत्त्व आहे. नोंदी जितक्या लांब मुदतीच्या, तितका प्रतिमानावरील विश्वास वाढतो.

उपाययोजना

प्रतिमानाचा उपयोग शेवटी रचनेत दिसतो. उपग्रहाचे सर्व धातूचे भाग एकमेकांस जोडून समान वर्चसावर ठेवणे, हा पहिला नियम होय. निरोधक आवरणांवर व सौर घटांच्या काचांवर विजेला वाट देणाऱ्या पारदर्शक ऑक्साइडचा अतिशय पातळ थर देता येतो. नाजूक मंडले धातूच्या पेटीत बंद ठेवतात व तारांच्या मार्गावर गाळण्या बसवितात, जेणेकरून ठिणगीचा स्पंद आज्ञा म्हणून आत शिरू नये. आणखी एक मार्ग म्हणजे भार मुद्दाम बाहेर टाकणे. एटीएस-६ वरील आयन इंजिन चालू केले असता उपग्रहाचे वर्चस् खाली येते, असे दिसून आले होते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर झेनॉन वायूपासून आयनद्रायू निर्माण करणारी उपकरणे याच कामासाठी बसविलेली आहेत. आपल्या देशात गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत निर्वात पात्रात सौर फलकांच्या नमुन्यांवर ठिणग्यांचा अभ्यास झालेला आहे.

अलिबागपासून आदित्यपर्यंत

अवकाशातील या घडामोडींची चाहूल जमिनीवरही लागते आणि ती टिपण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी घेतल्या जात. २ सप्टेंबर १८५९ रोजी झालेल्या प्रसिद्ध भूचुंबकीय वादळात चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घटल्याचे कुलाब्याच्या नोंदींत आढळते. जगातील शास्त्रज्ञ आजही त्या नोंदीचा आधार घेतात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहामुळे मापनात व्यत्यय येईल हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम अलिबाग येथे हलविण्यात आले. १९०४ पासून तेथे अखंड नोंदी होत आहेत. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था आज हे कार्य पाहते. ज्या अधिकाऱ्याने १८५९ च्या त्या दिवशी आकडे वहीत उतरविले, त्याला उपग्रहाची कल्पनाही नव्हती. तरीही सर्वांत मोठे वादळ किती मोठे असू शकते, या प्रश्नाच्या उत्तरात त्याच्या वहीला आज स्थान आहे.

२ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने सोडलेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर सूर्याच्या दिशेस असलेल्या आपल्या कक्षेत पोहोचले. त्यावरील उपकरणे सौरवातातील कण मोजतात. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या सौरवाताला तेथून पृथ्वीपर्यंत येण्यास सुमारे एक तास लागतो. नदीच्या वरच्या अंगाला बसविलेले पूरमापक केंद्र खालच्या गावांना जसा वेळ मिळवून देते, तसाच हा एक तास आहे. तेवढ्या अवधीत उपग्रहाचे चालक धोक्याच्या आज्ञा पुढे ढकलू शकतात आणि आपले कर्मचारी सज्ज ठेवू शकतात.

मे २०२४ मध्ये भूचुंबकीय क्षोभाचा निर्देशांक ९ या कमाल अंकापर्यंत गेला होता. अशी वादळे पुढेही येतील. शिवाय विद्युत् इंजिनांच्या साहाय्याने कक्षेत जाणारे नव्या पद्धतीचे उपग्रह भूस्थिर कक्षा गाठण्यापूर्वी कित्येक महिने भारित कणांच्या पट्ट्यांतून प्रवास करतात आणि या पट्ट्यांची प्रतिमाने अधिक काटेकोर असणे त्यांच्या दृष्टीने निकडीचे झाले आहे. गावातील शाळेच्या छपरावरची तबकडी ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते, तो पंधरा वर्षे टिकेल की एका पहाटे मुका होईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या रचनाकाराने कोणता दिवस सर्वांत वाईट म्हणून गृहीत धरला होता, यावर ठरते. तो दिवस निवडण्यासाठी लागणारे आकडे अलिबागसारख्या वेधशाळांतून आणि आदित्यसारख्या यानांतून रोज जमा होत आहेत.